फ्रेटिंग फटीग चाचणी : सेटिंग तेच, तरी आयुष्य दहापट वेगळं का येतं?

दाबून धरलेले दोन पृष्ठभाग एकमेकांवर किंचित घासत राहिले आणि त्याच वेळी वारंवार ताण येत राहिला की धातू थकून तुटतो, ते फ्रेटिंग फटीग. चाचणीत नमुन्यावर दोन बाजूंनी पॅड दाबून हेच घडवतात, आणि नमुना किती सायकल टिकला ते त्याचं आयुष्य. तक्रार जवळजवळ ठरलेली असते. एकाच बारमधून काढलेले नमुने, एकाच वेळी बनवलेले पॅड, कंट्रोलरवर भरलेले आकडेही तेच. पहिला नमुना लाखभर सायकलमध्ये तुटतो. दुसरा दहा लाख झाले तरी उभा असतो. तिसरा तुटतो, पण पॅडखाली नाही, ग्रिपमध्ये. मग अहवालात एक वाक्य येतं : फ्रेटिंगच्या चाचण्यांत विखुरण जास्तच असते.

विखुरण असते हे खरं. साध्या फटीगमध्येही असते. पण दहापटीचा फरक धातूच्या माथी मारण्याआधी रिगची, म्हणजे चाचणीच्या यंत्र-मांडणीची, झडती घ्यायला हवी. माझं ठाम मत आहे की अशा बहुतेक जोड्यांमध्ये त्या दोन चाचण्या मुळात एकसारख्या झालेल्याच नसतात. कंट्रोलरवरचा आकडा तोच असतो, संपर्काच्या पट्ट्यावर पोचलेलं बल वेगळं असतं. ही झडती कशी घ्यावी, ते खाली लिहितो आहे. मी ज्या क्रमाने बघतो तोच क्रम ठेवला आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. टायटॅनियमचा ६-४ मिश्रधातू, म्हणजे विमानाच्या इंजिनात पंख्याची पाती ज्याची असतात तो. पात्याचं मूळ आणि डिस्कची खाच यांच्या डोव्हटेल सांध्यात फ्रेटिंगचा त्रास प्रसिद्ध आहे, आणि प्रयोगशाळेतला सपाट नमुना व दंडगोल पॅड हे त्याच सांध्याचं सोपं रूप. नमुना ८ मिमी रुंद, १० मिमी जाड. जाडीच्या दोन्ही बाजूंनी ५० मिमी त्रिज्येचे पॅड, प्रत्येकावर ३२०० न्यूटन लंब भार, म्हणजे रुंदीच्या दर मिमीला ४०० न्यूटन. हर्ट्झने १८८२ मध्ये दिलेल्या सूत्रांत हे घातलं की संपर्काची अर्धरुंदी ०.६३ मिमी आणि मधला कमाल दाब सुमारे ४०० मेगापास्कल मिळतो. नमुन्यातला मूळ ताण (नमुना लांबीत ओढण्या-दाबण्याने येणारा) अधिक-उणे २०० मेगापास्कल, आणि प्रत्येक पॅडवरचं स्पर्शीय बल (पृष्ठभागाला समांतर) अधिक-उणे ८०० न्यूटन. यापुढचे सगळे आकडे याच मांडणीचे.

आधी खूण वाचा

तुटलेला नमुना धुऊन पुसून ठेवण्याआधी भिंगाखाली धरा. पॅडने उमटवलेला पट्टा चाचणीचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार असतो आणि नेमकं त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

चाचणी अंशतः घसरणीच्या अवस्थेत झाली असेल तर पट्ट्याच्या दोन्ही कडांना घासलेल्या रेघा आणि मधोमध जवळजवळ अस्पर्श भाग दिसतो. मधला भाग चिकटून राहिला, कडा सरकत राहिल्या. १९३८ मध्ये कातानेओने आणि १९४९ मध्ये मिंडलिनने गणिताने दाखवलेलं चित्र ते हेच. मधला अस्पर्श भाग नसेल आणि पट्टाभर भुकटी असेल, तर अख्खा पॅड घसरत होता. ती वेगळीच चाचणी झाली. पूर्ण घसरणीत झीज इतकी होते की कोवळे तडे वाढण्याआधीच खरवडून निघतात आणि आयुष्य उलट वाढू शकतं. ‘दहा लाख झाले तरी उभा’ असलेल्या नमुन्याचं रहस्य बरेचदा इथेच उलगडतं.

मग पट्ट्याची रुंदी मोजा. आपल्या उदाहरणात ती १.२६ मिमीच्या आसपास, आणि आठही मिमीभर सारखी यायला हवी. ती पाचरीसारखी येत असेल, म्हणजे एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे निमुळती, तर पॅड तिरका बसला आहे. हा दोष किती लहान कोनात घात करतो ते बघा. ०.१ अंशाचा कल म्हणजे ८ मिमी रुंदीत १४ मायक्रॉनचा फरक. इकडे पॅडची वक्रता संपर्काच्या कडेपर्यंत जाते ती जेमतेम ४ मायक्रॉन. कल वक्रतेच्या तिप्पट झाला, तर भार एका टोकावरच गोळा होणार आणि तिथला दाब हर्ट्झच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त असणार. नमुन्याच्या कोपऱ्यावर राहिलेली दोन-चार मायक्रॉनची बर (कापताना उभी राहिलेली धातूची कड) हाच उद्योग करते. म्हणून पॅड लावण्याआधी कडा हलक्या हाताने मोडून घ्या आणि भिंगातून खात्री करा.

कल काढण्यासाठी पॅडच्या मागे गोलाकार बैठक असलेला होल्डर सगळ्यात चांगला. पॅड आपोआप नमुन्यावर टेकतो, मग तो घट्ट करायचा. तपासायला दाबाने रंग बदलणारी फिल्म वापरतात, कार्बन पेपरवरही काम भागतं. फक्त एक लक्षात असू द्या. फिल्म स्वतःच पॅडच्या वक्रतेच्या मानाने जाड असते, त्यामुळे तिच्यावर पट्टा खऱ्यापेक्षा रुंद उमटतो. ती टोकापासून टोकापर्यंतचा सारखेपणा दाखवते, रुंदी नाही. भारही फिल्मच्या मर्यादेत बसेल एवढाच द्या.

दोन बाजूंचे दोन पट्टेही शेजारी ठेवून बघा. एकीकडे मधला चिकटलेला भाग मोठा आणि दुसरीकडे लहान असेल, तर दोन पॅड स्पर्शीय बल सारखं वाटून घेत नाहीत. असं असलं की नमुना वाकतो. दोन्ही बाजूंना स्ट्रेन गेज (धातू किती ताणला ते मोजणारी चिकटपट्टी) लावून वाकण्याचा वाटा काढा. साध्या अक्षीय फटीग चाचणीत तो ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा संकेत आहे, इथे तो आणखी काटेकोर पाळावा असं मला वाटतं.

स्पर्शीय बल तुम्ही देत नाही, ते उद्भवतं

एकच ॲक्च्युएटर (बल देणारा यंत्रभाग) असलेल्या रिगमध्ये पॅड धरणारी चौकट स्प्रिंगसारखं काम करते. नमुना ताणला जातो, पॅड त्याच्याबरोबर जाऊ पाहतो, चौकट त्याला अडवते आणि स्पर्शीय बल तयार होतं. हे बल चौकटीच्या ताठरपणावर अवलंबून असतं. बोल्ट थोडे कमी आवळले, शिम (फट भरणारी पातळ पट्टी) बदलली, नमुना दोन मिमी खाली बसला, की ते बदलतं. कंट्रोलरला त्याचा पत्ताही नसतो.

मोजमापातही एक सापळा आहे. दोन पॅडचं मिळून स्पर्शीय बल आपण नमुन्याच्या वरच्या आणि खालच्या लोड सेलच्या (बल मोजणाऱ्या उपकरणांच्या) वजाबाकीतून काढतो. माहुतासकट हत्ती तोलायचा, मग नुसता हत्ती तोलायचा आणि फरकाला माहुताचं वजन म्हणायचं, तसा हा हिशोब. आपल्या उदाहरणात ८० चौरस मिमी छेदावर २०० मेगापास्कल म्हणजे १६ किलोन्यूटन. फरक १.६ किलोन्यूटनचा. प्रत्येक सेलची चूक अर्धा टक्का धरली तरी ८० न्यूटन झाली. दोन्ही विरुद्ध दिशेने चुकले तर १६० न्यूटन, म्हणजे फरकाच्या १० टक्के. एक टक्का चूक असलेल्या सेलवर हाच आकडा २० टक्क्यांवर जातो. दोन्ही सेलची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं अगदी चोख असताना हे घडू शकतं.

उपाय सोपा आहे, तरी तो क्वचितच केलेला दिसतो. पॅड पूर्ण मागे घ्या, नमुना ठरलेल्या भारावर आणि ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर काही सायकल चालवा आणि दोन सेलची वजाबाकी नोंदवा. ती शून्य यायला हवी. जी येईल ती तुमची चूक, भारानुसार किती आणि कोणत्या फेजमध्ये, सगळी समोर दिसते. ती पुढच्या नोंदींतून वजा करा. फ्रिक्वेन्सी तीच ठेवायचं कारण जडत्व. दोन सेलच्या मध्ये १० किलोची ग्रिप ०.१ मिमी हलत असेल, तर २० हर्ट्झला जडत्वाचं बल १६ न्यूटनच्या घरात असतं, पण १०० हर्ट्झला तेच ४०० न्यूटनच्या जवळ जातं. रेझोनन्स मशीनवर फ्रेटिंग करणाऱ्यांनी हे विसरून चालणार नाही.

दुसरा ॲक्च्युएटर घेऊन स्पर्शीय बल स्वतंत्रपणे चालवता आलं तर प्रश्न बराच सुटतो. ते जमत नसेल तर निदान त्या बलाची नोंद प्रत्येक चाचणीत ठेवा आणि दोन नमुन्यांची तुलना करताना कंट्रोलरचा भार बाजूला ठेवून ही नोंद समोर घ्या.

लंब भार स्थिर असतो, हा समज

‘टॉर्क रेंचने आवळलं होतं, भार तोच आहे’ असं कोणी सांगितलं की मी चाचणीच्या शेवटी बोल्ट सोडण्याआधीचं स्ट्रेन गेजचं वाचन मागतो. ताठ क्लॅम्पमध्ये दोन गोष्टी घडतात, आणि दोन्हींचा हिशोब हातावर करता येतो.

समजा क्लॅम्पचा ताठरपणा दर मायक्रॉनला २०० न्यूटन आहे. झीज होऊन दोन पॅडखालून मिळून ५ मायक्रॉन धातू गेला, तर १००० न्यूटन भार उतरला. ३२०० चे २२०० राहिले. पॅड आता जास्त घसरतो, आणखी झिजतो, आणखी भार जातो.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. नमुना लांबीत ताणला की जाडीत आकसतो. २०० मेगापास्कलला १० मिमी जाडी सुमारे ५.६ मायक्रॉनने कमी होते, आणि दाबाच्या अर्ध्या सायकलमध्ये तेवढीच वाढते. त्याच ताठ क्लॅम्पमध्ये याचा अर्थ लंब भार प्रत्येक सायकलला अधिक-उणे ११०० न्यूटनने हलतो आहे. तुम्ही स्थिर ३२०० लिहिलंत, प्रत्यक्षात नमुना ताणात असताना २१०० आणि दाबात असताना ४३०० होते. घसरण ताणाच्या बाजूला जास्त, दाबाच्या बाजूला कमी, आणि लूप, म्हणजे स्पर्शीय बल आणि सरकणं यांचा एका सायकलचा आलेख, एका अंगाला झुकलेला. सावकाश घेतलेल्या सरासरी वाचनात यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून क्लॅम्प मुद्दाम मऊ ठेवायचा. डिस्क स्प्रिंगची चळत, लांब बोल्ट, किंवा ॲक्युम्युलेटर जोडलेला छोटा हायड्रॉलिक सिलिंडर. ताठरपणा दर मायक्रॉनला २ न्यूटनवर आणला की वरचे दोन्ही आकडे १०-११ न्यूटनवर येतात. मऊपणा लंब दिशेतच हवा, स्पर्शीय दिशेत चौकट ताठच राहिली पाहिजे. पातळ पट्ट्यांच्या फ्लेक्शरवर पॅड टांगला की हे दोन्ही साधतं. सरकत्या मार्गदर्शक पिनांवर टांगला तर पिनांतलं घर्षण मोजमापात मिसळतं. मी पिना टाळतो.

पहिल्या काही शे सायकल

घर्षणांक ही या चाचणीतली सगळ्यात अस्थिर राशी. नुकत्याच स्वच्छ केलेल्या पृष्ठभागांवर तो ०.२-०.३ पासून सुरू होतो आणि पृष्ठभागावरचे थर खरवडले जाऊन धातूला धातू भिडू लागला की ०.६ किंवा त्याहूनही वर चढतो. ही चढण बहुतेक पहिल्या काहीशे ते काही हजार सायकलमध्ये आटोपते.

याचा परिणाम पाहा. कातानेओ आणि मिंडलिन यांच्या सूत्रात चिकटलेल्या भागाचं संपर्काशी प्रमाण असं येतं : स्पर्शीय बलाला घर्षणांक आणि लंब भार यांच्या गुणाकाराने भागा, तो भागाकार एकातून वजा करा आणि वर्गमूळ घ्या. घर्षणांक ०.३ असेल तर प्रमाण ०.४१ येतं आणि प्रत्येक कडेला ०.३७ मिमी पट्टी घसरते. ०.६ असेल तर प्रमाण ०.७६ आणि घसरणारी पट्टी ०.१५ मिमी. घर्षणांक ०.२ असेल तर घर्षण पेलू शकतं जेमतेम ६४० न्यूटन. ८०० मागितले की अख्खा पॅड घसरला. भार एका न्यूटननेही न बदलता चाचणी एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाते.

आता दोन नमुन्यांपैकी एक ॲसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिक टाकीतून काढलेला आणि दुसरा हातमोज्याविना हाताळलेला असला, तर त्यांची सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून होते. पहिल्या सायकलमधल्या पूर्ण घसरणीने पृष्ठभाग किती ओरबाडला जातो, त्यावर तड्याचं बीज कुठे पडणार ते ठरतं. म्हणून सुरुवातीलाच पूर्ण भार देऊ नका. स्पर्शीय बल काहीशे सायकलमध्ये पायरीपायरीने चढवा आणि तो क्रम प्रत्येक नमुन्याला तोच ठेवा.

आणि लूप नोंदवा. स्पर्शीय बल एका अक्षावर, सापेक्ष सरकणं दुसऱ्या अक्षावर. सरळ रेघ आली तर पॅड चिकटलेला. बारीक लंबवर्तुळ आलं तर अंशतः घसरण. माथा सपाट असलेला समांतरभुज चौकोन आला तर पूर्ण घसरण. या अवस्थांचे नकाशे व्हिंग्सबो आणि सोडरबर्ग यांनी १९८८ मध्ये मांडले, आणि आजही चाचणी कुठे चालली आहे हे सांगायला त्यांच्याइतकं सोयीचं साधन नाही. लॉगर नुसते शिखर आणि तळ नोंदवत असेल तर लूपचा आकार हरवतो. १० हर्ट्झला सेकंदाला हजार नोंदी घेतल्या तर एका लूपला शंभर बिंदू मिळतात, तेवढे पुरतात. पहिल्या शंभर सायकल सगळ्या ठेवा, पुढे विरळ करत जा. सरकणं मात्र संपर्काच्या जितकं जवळ मोजाल तितकं बरं. ॲक्च्युएटरचं विस्थापन वापरलंत तर ग्रिप आणि चौकटीचा लवचीकपणाही त्यात मोजला जातो आणि चिकटलेला पॅडही घसरल्यासारखा दिसतो.

मूळ ताणाने बिघडवलेलं गणित

नमुन्यातला मूळ ताण चिकटलेल्या भागाला एका कडेकडे ढकलतो. नॉवेल आणि हिल्स यांनी १९८७ मध्ये दिलेल्या मांडणीप्रमाणे ही सरक, अर्धरुंदीच्या प्रमाणात, मूळ ताण भागिले घर्षणांक आणि कमाल दाब यांच्या गुणाकाराची चौपट. घर्षणांक ०.६ धरला तर २०० मेगापास्कलला ती ०.२१ येते. चिकटलेला भाग ०.७६, बेरीज ०.९७, म्हणजे कडेच्या अगदी आत. मूळ ताण २५० केला की बेरीज एकाच्या पुढे जाते, एका कडेला घसरणीची दिशा उलटते आणि सोपं सूत्र लागूच पडत नाही. एखाद्या मालिकेत मूळ ताण वाढवत नेला आणि आयुष्याचा आलेख मध्येच विचित्र वळला, तर हा हिशोब आधी करा. आपल्या मांडणीत ही सीमा सुमारे २३० मेगापास्कलला आहे.

ग्रिपमध्ये तुटत असेल तर

तीही फ्रेटिंगच आहे, नको त्या जागी झालेली. या विषयाची पहिली नोंदच तशी झाली. १९११ मध्ये ईडन, रोझ आणि कनिंगहॅम यांना फटीग मशीनमध्ये पोलादी नमुना जिथे धरला होता तिथे तपकिरी भुकटी दिसली. ग्रिपचा भाग रुंद ठेवा, म्हणजे तिथला ताण मधल्या भागाच्या निम्म्यावर येईल. ग्रिपच्या दातांखाली मऊ धातूची पातळ पट्टी घाला, ग्रिपकडचा भाग शॉट पीन करून घ्या, म्हणजे बारीक गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभाग दाबून घ्या. पॅडखालचा भाग चुकूनही पीन होऊ देऊ नका.

उरलेल्या गोष्टी

पॅड पुन्हा वापरू नका. एकदा वापरलेल्या पॅडवर ऑक्साइडचा थर आणि खाचा असतात, आणि त्रिज्याही तीच राहिलेली नसते. वायर कटने कापलेले पॅड असतील तर वितळून पुन्हा घट्ट झालेला वरचा थर घासून काढा. फिनिशिंगच्या रेघा सगळ्या नमुन्यांवर एकाच दिशेत ठेवा, आणि ग्राइंडिंग केलेला नमुना मिलिंग केलेल्याशी कधीही तोलू नका, अवशिष्ट ताण (यंत्रकामानंतर धातूत उरलेले) वेगळे असतात.

भुकटीचा रंग आणि प्रमाण नोंदवा. पोलादाची तांबूस तपकिरी, ॲल्युमिनियमची काळी. ॲल्युमिनियमवर काम करणाऱ्यांनी हवेतली आर्द्रताही लिहावी. मुंबईत किंवा कोकणात एसी बंद असलेल्या प्रयोगशाळेतली जुलैतली चाचणी आणि मार्चमधली चाचणी एकाच हवेत झालेली नसते.

पॅडची त्रिज्या मात्र खरोखर मोजा, ड्रॉइंगवरचा आकडा लिहू नका. ब्रॅमहॉलने १९७३ मध्ये ऑक्सफर्डला दाखवलं की कमाल दाब तोच ठेवून संपर्काची रुंदी वाढवत नेली, तर एका ठरावीक रुंदीखाली नमुने तुटतच नाहीत आणि तिच्यावर गेल्यावर तुटायला लागतात. दाब तोच असला तरी लहान संपर्काखाली ताण खोलीबरोबर झपाट्याने उतरतो आणि तडा निर्माण होऊनही वाटेत थांबतो. तुमची मांडणी या सीमेच्या जवळ असेल, तर त्रिज्येतला थोडा फरकही एक नमुना तोडेल आणि दुसरा राखेल. असं वाटलं तर न तुटलेला नमुना पट्ट्याच्या कडेवर आडवा कापा, पॉलिश करा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. तिरका आत गेलेला आणि थांबलेला तडा दिसला, तर रिग ठीक आहे आणि तुम्ही सीमेवर उभे आहात. तडा मुळीच नसेल, तर पुन्हा पट्ट्याची रुंदी मोजण्यापासून सुरू करा.

चाचणीची पद्धत लिहून काढताना एएसटीएम ई २७८९ आणि जपानी यंत्र अभियंता संघाचं २००२ चं एस ०१५ ही दोन मानकं हाताशी ठेवा. अहवालात आयुष्याच्या रकान्याशेजारी मोजलेलं स्पर्शीय बल, चाचणीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा लंब भार, स्थिरावलेला घर्षणांक आणि दोन्ही पट्ट्यांची रुंदी हे रकाने घाला. विखुरलेले बिंदू कंट्रोलरच्या भाराऐवजी या मोजलेल्या बलावर पुन्हा मांडून बघा आणि उरलेली विखुरण लॉगरिदमिक आयुष्यावर काढा. जी उरेल, ती धातूची.